पाळकांच्या माघारी

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या पाळकसाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या उपासनेतल्या गीतांचे आकडे फळ्यावर लिहिले. रात्री छातीत कळ आली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटकडचं हे कपाशी-सोयाबीनचं गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच. मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती पंथांच्या एकीतून उभ्या राहिलेल्या चर्चची.

रविवारी उपासना घ्यावी की नाही, यावर वडीलमंडळींत, म्हणजे चर्चचं काम पाहणाऱ्या ज्येष्ठांत, दोन मतं पडली. घंटा मात्र वेळेवर वाजली. फळ्यावरची तीच गीतं म्हटली गेली. दुसऱ्या गीताला निम्म्या लोकांचा आवाजच फुटेना. संध्याकाळी दफनविधी झाला. कबर खणायला अख्ख्या गावातली पोरं आली, विठ्ठलाच्या देवळातले टाळकरी शेवटची माती पडेपर्यंत उभे होते. त्या घरात चूल पेटणार नव्हती. भाकरी अन् वरण शेजारून आलं.

विदर्भातल्या मंडळीनं असा घाव फार पूर्वीही सोसला आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले. शाळा काढली, गोंडांची भाषा नि चालीरीती टिपल्या, इथले दगड अभ्यासले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. सोबत्यांनी त्यांचे कागद जपले, ते 1866 मध्ये छापून निघाले. नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 साली सुरू झालं. मागे राहिलेल्यांनी काम उचललं, म्हणून हे घडलं.

या गावात उचलायचं काम साधं आहे, पण थोडं नाही. प्रार्थना आणि वचनाचं वाचन वडील घेतात, संडे स्कूल दोन मुली चालवतात. प्रभूभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, मात्र दीक्षा झालेला पाळकच लागतो, म्हणून महिन्यातून एकदा शहरातले पाळक येतात. नोंदवहीत बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, सगळं एकाच हाताचं वळणदार अक्षर. शेवटची नोंद तेवढी सेक्रेटरींच्या हातची, खुद्द पाळकांच्या दफनाची.

खरा अवघड प्रश्न भिंतीपलीकडचा होता. पाळकांचं घर चर्चचं असतं. पद गेलं की घरही जातं. नवे पाळक आले की बाई नि दोन लेकरांनी जायचं कुठं? मला वाटतं, मंडळीचं दुःख किती खरं आहे ते इथंच कळतं. शोकसभेत रडणं सोपं असतं. कमिटीच्या बैठकीत बराच वेळ कोणी हा विषयच काढेना. मग महिला मंडळातल्या एक आजी उठल्या.

"पोरीची दहावी हाय यंदा. तिले आता घर सोडा म्हणता? नव्या पाळकायले माह्या घरची पुढची खोली देतो मी."

कोणी वाद घातला नाही. परीक्षा होईपर्यंत कुटुंब तिथंच राहील, असा ठराव झाला. डायोसिसच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयाला पत्र गेलं. कापूस विकल्यावर दर घरानं मुलांच्या शिक्षणासाठी काही बाजूला काढायचं, तेही ठरलं. बाई आता महिला मंडळाची बुधवारची प्रार्थना घेतात. नव्या पाळकांची नेमणूक अजून झालेली नाही. आजींनी मात्र खोलीला चुना मारून घेतला आहे.