माउंड सिटी: या हिरव्या टेकाडांत खरं जुनं काय आहे?

नमस्कार मंडळी! मागे दिसतायत ती टेकाडं अमेरिकेतल्या ओहायोची, चिलिकोथी गावाजवळच्या माउंड सिटीची. सायोटो नदीकाठी सुमारे 13 एकरांचं आवार, भोवती मातीचा बुटका बांध आणि आत 20हून जास्त टेकाडं. साधारण 2000 वर्षांपूर्वी होपवेल संस्कृतीच्या मूलनिवासी लोकांनी ती रचली.

खड्डा खणला, माणूस पुरला, वर माती लोटली, असं वाटतं ना? इथे तसं नाही. आधी खांब रोवून लाकडी इमारत बांधायची. आत चोपलेली जमीन, तिच्यात मातीचं उथळ कुंड. दहनानंतरच्या अस्थी या जमिनीवर मांडायच्या, सोबत मौल्यवान वस्तू. सगळे विधी आटोपले की इमारत काढून टाकायची आणि मगच टोपल्या-टोपल्यांनी माती आणून टेकाड रचायचं. एका टेकाडाखाली तर चौघांच्या अस्थी अभ्रकाच्या पत्र्यांवर ठेवलेल्या सापडल्या. अभ्रक अ‍ॅपलाचियन डोंगरांतलं, तांबं सुपिरियर सरोवराकडचं, शंख मेक्सिकोच्या आखातातले, ज्वालामुखी काच थेट यलोस्टोनची!

1846 मध्ये स्क्वायर आणि डेव्हिस या दोन अमेरिकन संशोधकांनी इथे खणलं. एकाच टेकाडात 200 च्या आसपास दगडी चिलमी मिळाल्या, कित्येकांवर पशुपक्षी कोरलेले. त्या बघायच्या तर लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये जावं लागतं.

आता खरी गोम. 1917 मध्ये पहिल्या महायुद्धासाठी इथे सैन्याची छावणी झाली, कॅम्प शर्मन. बराकींसाठी बहुतेक टेकाडं सपाट केली. 1920-21 मध्ये खणलं, तेव्हा त्यांचे तळ मात्र जमिनीत शाबूत निघाले. 1923 मध्ये राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं आणि टेकाडं पुन्हा रचली. म्हणजे दिसतो तो आकार बराचसा विसाव्या शतकातला, अस्सल आहे ती खालची जमीन. फोटोखाली ‘2000 वर्षं जसंच्या तसं’ लिहू नका, एवढंच.

ओहायोतल्या कोलंबस शहरातली मराठी मंडळी तासाभरात इथे पोहोचतात. टेकाडावर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. पायवाट पडली की गवत मरतं, पावसाचं पाणी त्याच वाटेने धावतं, ओघळ पडतो आणि माती वाहून जाते. शिवाय ही स्मशानभूमी आहे. जमिनीवरचा दगड, खापर काहीही उचलणं कायद्याने गुन्हा आहे. भर दुपारी बांध गवतात हरवतो. सकाळच्या तिरप्या उन्हात सावली पडते, तेव्हा आवाराचा चौकोन आणि त्याचे गोलसर कोपरे नीट दिसतात.