नट आवळण्याआधी: अलॉय चाक हबच्या केंद्रात बसवण्याविषयी

सांगली येथे गॅरेजचालक, टायर दुकानदार आणि यंत्रशाळांतील कारागीर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप

मित्रहो,

बाजारातून घेतलेली शर्यतीच्या धाटणीची अलॉय चाके, ज्यांना आपल्या भागात अजूनही सर्रास मॅगव्हील म्हटले जाते, ती बसवून गाडी पेठ नाक्यावर महामार्गाला लागली आणि नव्वदच्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरू लागते, ही तक्रार घेऊन आलेला ग्राहक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. आपल्याकडे येण्याआधी त्याने एकदा बॅलन्सिंग केलेले असते, मग अलाइनमेंट केलेले असते, मग पुन्हा दुसऱ्या दुकानात बॅलन्सिंग केलेले असते आणि शेवटी नवे टायरच खराब निघाले अशी त्याची समजूत झालेली असते. टायर क्वचित खराब असतोही. परंतु नवी चाके बसवल्या दिवसापासूनच तक्रार सुरू झाली असेल, तर संशय सर्वांत आधी चाक आणि हब (गाडीचा जो फिरता भाग चाकाला धरतो तो) जिथे एकमेकांना भेटतात त्या जागेवर घ्यावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. चाक केंद्रात आणण्याचे काम नट आवळण्याआधी पूर्ण झालेले असले पाहिजे. नटाचे खरे काम दाबून धरण्याचे आहे, आणि त्याच्याकडून केंद्र शोधण्याचेही काम करून घेण्याची सवय हे या त्रासाचे मूळ आहे.

हबच्या मधोमध जो गोल उंचवटा असतो, त्यावर कंपनीच्या चाकाचे मधले भोक अगदी नेमके बसते. मारुती स्विफ्ट व बलेनोमध्ये हा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे, होंडा सिटीमध्ये ५६.१ आणि फोक्सवॅगन पोलोमध्ये ५७.१. कंपनी एका गाडीसाठी एक चाक बनवते, म्हणून तिला हे नेमकेपण परवडते. बाजारासाठी चाके ओतणाऱ्या कारखानदाराला मात्र एकच साचा अनेक गाड्यांना चालवायचा असतो, म्हणून तो मधले भोक मोठे, बहुधा ६७.१ किंवा ७३.१ मिलिमीटरचे ठेवतो. ७३.१ चे चाक स्विफ्टच्या हबवर ठेवले की सभोवार साडेनऊ मिलिमीटरची पोकळी राहते, म्हणजे उंचवट्याचा आणि चाकाचा काही संबंधच उरत नाही आणि चाक केवळ स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर, लोंबकळते. ही पोकळी भरण्यासाठी जी कडी मिळते ती हब रिंग. तिचा बाहेरचा व्यास चाकाच्या भोकाइतका आणि आतला व्यास हबइतका असावा लागतो. किंमत चाकाच्या मानाने नगण्य, पण चाकांचा संच विकताना ती द्यायची राहून जाते आणि ग्राहकाला ती मागायची असते हे ठाऊक नसते.

चाक केंद्रापासून जरासे सरकले तर असे काय मोठे बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील, म्हणून थोडे गणित मांडतो. टायरसह चाकाचे वजन १८ किलो आणि केंद्र अर्धा मिलिमीटर सरकलेले धरू. हा असमतोल १५ इंची रिमच्या कडेला साधारण ४७ ग्रॅमचे वजन चिकटवण्याइतका होतो. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण चौदा फेरे घेते आणि हा असमतोल सेकंदाला चौदा वेळा धक्का देतो. शिवाय चाक केंद्रात नसले की टायरची त्रिज्याही एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होते, म्हणजे रस्त्याकडून येणारा धक्का वेगळा. चाक, हब आणि ब्रेक यांचा स्प्रिंगखाली लटकणारा सगळा जुडगा स्वतःच्या लयीत सेकंदाला दहा ते पंधरा वेळा हलणारा असतो. या दोन्ही लयी एकमेकींना मिळतात तो वेग साधारण ऐंशी ते एकशेदहाच्या दरम्यान येतो. गावात आणि शंभर फुटी रोडवर गाडी गुण्यागोविंदाने चालते आणि महामार्गावर गेल्यावरच बिथरते, त्याचे कारण हे आहे.

आता बॅलन्सिंगच्या यंत्राकडे पाहू. त्या यंत्रावर चाक मधल्या भोकातून शंकू घालून पकडले जाते. म्हणजे यंत्रावर चाक स्वतःच्या भोकाच्या केंद्राभोवती फिरते आणि तिथे पडद्यावर शून्य दिसते, ते खरेही असते. पण तेच चाक गाडीवर स्टडच्या आधाराने अर्धा मिलिमीटर खाली बसले की ते दुसऱ्याच केंद्राभोवती फिरते. यंत्राने दिलेला शून्य गाडीवर लागू राहत नाही आणि टायरवाल्याला दोष देऊन काही उपयोग होत नाही.

यावर काही अनुभवी मंडळी म्हणतात की नटाला शंकूचा आकार असतो, नट आवळला की चाक आपोआप केंद्रात येते, मग कडीची गरज काय? हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पोलादी चाकांवर अनेक वर्षे ही पद्धत चालत आली आहे. परंतु आज समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे आहेत, म्हणून त्यांच्याच कामातले उदाहरण देतो. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब (घडवायचा तुकडा) धरताना आपण एक जबडा पूर्ण आवळून मग बाकीच्यांकडे वळत नाही. समोरासमोरचे जबडे थोडे थोडे सरकवत, डायलवर (सूक्ष्म डगमग दाखवणाऱ्या मापकावर) काटा पाहत जॉब खरा करतो. चाकाचे चार नट हे नेमके तसलेच चार जबडे आहेत आणि फरक इतकाच की इथे डायल कोणी लावत नाही आणि पहिला नट न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) गनने एका झटक्यात पूर्ण बसवला जातो. चाक त्या वेळी स्वतःच्या वजनाने खाली झुकलेले असते, पहिला नट त्याला तिथेच जखडतो आणि उरलेले तीन नट त्या चुकीवर शिक्कामोर्तब करतात.

असे चाक काढल्यावर नटाच्या बैठकीकडे, म्हणजे चाकात नट जिथे टेकतो त्या जागेकडे, जरूर पाहावे. चाक सरळ बसलेले असेल तर चारही बैठकींवर घासल्याची चकाकी सभोवार सारखी दिसते. केंद्र सरकलेले असेल तर रंग एकाच बाजूला घासलेला असतो, दुसऱ्या बाजूचा रंग जसाच्या तसा राहतो, आणि चारही बैठकींत ही खूण एकाच दिशेला असते. डायल नसतानाही दोष ओळखण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

नटाची बैठक हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात हलगर्जीपणा केला तर केवळ थरथर होऊन भागत नाही. बाजारातील अलॉयला बहुतेक वेळा ६० अंशांचा शंकू असलेला नट लागतो. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोलाकार बैठकीचे नट असतात, तर टोयोटाच्या अनेक अलॉयना सपाट वॉशर आणि लांब दांडा असलेले. होंडाचा गोल नट शंकूच्या बैठकीत घातला तर तो बारीकशा रेषेवर टेकतो. आवळताना घट्ट लागतो, पण टेकण्याची जागाच अपुरी असल्यामुळे धावताना ढिला होतो. आट्यांचीही तीच गोष्ट आहे. सुझुकीचे स्टड एम-१२, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचे, असून आटा १.२५ चा, म्हणजे दर फेऱ्याला १.२५ मिलिमीटर सरकणारा, असतो, ह्युंदाई आणि होंडाचा १.५ चा. चुकीचा नट हाताने दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे गन लावली की आटे मरतात आणि स्टड बदलण्याचे काम अंगावर येते. नट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे, हा नियम मी तरी कोणासाठी मोडणार नाही. आट्यांत नट किती शिरतो तेही मोजावे: एम-१२ स्टडवर किमान १२ मिलिमीटर, म्हणजे १.५ च्या आट्यात आठ फेरे आणि १.२५ च्या आट्यात जवळपास दहा. अलॉयची बैठक जाड असते, त्यात कोणी स्पेसर (चाक आणि हब यांच्यामधली जाड चकती) घातला असेल तर मूळ स्टड अपुरा पडतो.

पीसीडी, म्हणजे सर्व स्टडच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, याबद्दल थोडक्यात सांगतो. १०० मिलिमीटरच्या हबवर ९८ चे चाक ओढूनताणून चढते, कारण प्रत्येक स्टडपाशी फरक एकच मिलिमीटरचा असतो. पण मग स्टड वाकडे ताणले जातात. असे चाक परत करावे, त्यावर दुसरा उपाय शोधू नये.

नट चाकाला धरतो म्हणजे काय करतो, हेही नीट समजून घेतले पाहिजे. एम-१२ स्टडवर कोरड्या आट्यात १०० न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क) दिला की स्टड सुमारे चार टनांच्या ताणाने खेचला जातो. चार स्टडचे मिळून सोळा-सतरा टन झाले. इतक्या दाबाने चाकाची पाठ हबच्या तोंडावर चिकटते आणि त्या दोघांमधले घर्षण गाडीचा भार, ब्रेकचा झटका आणि खड्ड्यांचे हादरे पेलते. स्टडवर आडवा भार येऊच नये अशी ही रचना आहे. म्हणूनच प्लॅस्टिकची हब रिंग इतका भार कसा घेणार, ही शंका गैरलागू आहे. रिंगने भार घ्यायचाच नसतो. चाक आवळले जाईपर्यंतची काही मिनिटे तिने ते केंद्रात धरून ठेवायचे असते. तरीही जो माणूस घाटात जोरात गाडी चालवतो किंवा ट्रॅकवर नेतो, त्याला मी ॲल्युमिनियमची रिंग घ्यायला सांगतो, कारण तापलेल्या ब्रेकजवळ प्लॅस्टिक मऊ पडते आणि पुढच्या वेळी चाक काढताना तिचा आकार बदललेला सापडतो.

घर्षणावर सगळी मदार असल्याने हबचे तोंड स्वच्छ असणे ही चैनीची गोष्ट राहत नाही. आपल्या जिल्ह्यात तर दोन कारणांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. एक म्हणजे काळी माती. ती रिमच्या आत थापून वाळली की बॅलन्सिंग बिघडवते आणि हबवर राहिली तर चाक तिरके बसवते. दुसरे म्हणजे २०१९ चा महापूर. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे हब पाहिले तर उंचवट्याच्या मुळाशी गंजाचा थर चढलेला आढळतो. त्यावर रिंग ठोकून बसवणे म्हणजे ती तिरकी बसवणे. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासावे, डिस्क किंवा ड्रमवर कंपनीत लावलेली पत्र्याची क्लिप राहिली असेल तर काढून टाकावी, आणि नव्या चाकाच्या पाठीवर किंवा नटाच्या बैठकीत रंगाचे ओघळ असतील तर तेही साफ करावेत. उंचवट्याला अगदी पातळ ग्रीस चालेल, पण हबच्या तोंडावर, आट्यांवर आणि नटाच्या शंकूवर तेल-ग्रीस नको. आटे तेलकट असतील तर टॉर्क रेंच (ठरवलेला पीळ आला की वाजणारा पाना) त्याच आकड्याला वाजते, पण स्टडमधला ताण तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक वाढलेला असतो.

आता प्रत्यक्ष बसवणे. गाडी जॅकवर असताना रिंग चाकात बसवून चाक हबवर सरळ सरकवावे. ते बोटांच्या जोराने शेवटपर्यंत जाऊन हबला टेकले पाहिजे आणि हलवले तर खेळ जाणवू नये. सर्व नट हाताने लावावेत, मग चाक किंचित हलवत, समोरासमोरच्या क्रमाने, छोट्या पान्याने हलकेच आवळावेत. पाच स्टड असतील तर एक सोडून एक घ्यावा. साधारण ३० न्यूटन-मीटरपर्यंत सगळे आले की चाक हाताने फिरवून पाहावे. त्यानंतर टायर जमिनीला टेकेल इतका जॅक उतरवावा आणि टॉर्क रेंचने त्याच क्रमाने शेवटचा पीळ द्यावा. छोट्या गाड्यांच्या एम-१२ स्टडना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, फोक्सवॅगनच्या एम-१४ बोल्टना १२०. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडाच अंतिम मानावा. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर दिला तर जवळपास १०० न्यूटन-मीटर होतात. पान्यावर उभे राहून उड्या मारणाऱ्या पोराचा पीळ याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो.

शर्यतीच्या जगात हे अधिक उघडपणे दिसते. फॉर्म्युला वनच्या चाकाला मधोमध एकच नट असतो आणि २०२३ च्या कतार शर्यतीत मॅक्लारेनच्या चमूने चारही चाके १.८० सेकंदांत बदलली. इतक्या घाईत केंद्र शोधायला वेळच नसतो. चाक हबच्या नेमक्या घडवलेल्या भागावर सरकते, पीळ खुंट्या वाहून नेतात आणि नट फक्त दाबतो. पोर्शे ९११ जीटी३ च्या ९९१ पिढीत हा एकच नट ६०० न्यूटन-मीटरला आवळतात. शर्यतीचे रूप असलेले चाक विकत घेणाऱ्याने तिथली ही शिस्तही घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

एवढे करूनही थरथर राहिली तर रिमच्या कडेला डायल लावून चाक फिरवावे आणि सर्वांत उंच जागी खडूने खूण करावी. मग चाक काढून एक स्टड पुढे सरकवून पुन्हा नीट बसवावे. उंच जागा चाकाबरोबर सरकली तर रिम वाकडी आहे, हबच्या त्याच जागी राहिली तर हबमध्ये दोष आहे, आणि नाहीशी झाली तर आधीचे बसवणे चुकले होते. पुढच्या चाकांचा दोष स्टेअरिंगवर जाणवतो, मागच्यांचा सीटवर; त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे ग्राहकाला दोन प्रश्न विचारले की कळते.

नव्या चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर, गाडी थंड असताना, पुन्हा टॉर्कला तपासावेत, कारण बैठकीतला रंग आणि ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग दाबाखाली थोडा दबतो. ग्राहकाला तसे बिलावरच लिहून द्यावे, तोंडी सांगितलेले दाराबाहेर विसरले जाते. आणि गाडी सोपवताना स्टेपनीचा विचार करावा. स्टेपनी बहुधा कंपनीच्या पोलादी चाकाची असते, तिचे भोक थेट हबच्या मापाचे, स्विफ्टमध्ये ५४.१ चे, असते. पंक्चर झाल्यावर अलॉय काढताना रिंग हबवरच चिकटून राहिली, तर स्टेपनी तिच्यावर अडून हबला टेकतच नाही आणि आवळलेले नट काही किलोमीटरांत सैल होतात. म्हणून रिंग चाकातच घट्ट बसलेली असावी, ग्राहकाला ती दाखवून द्यावी, आणि स्टेपनीचे मूळ नट पिशवीत घालून डिकीत जॅकशेजारी ठेवावेत.