स्टिरॉइडची गोळी, दुपारची साखर आणि चार वाजताचा थकवा

नमस्कार. गेल्या काही व्हिडिओंखाली तुमच्यापैकी अनेकांनी एकच प्रश्न विचारला आहे: ‘स्टिरॉइड सुरू आहे, सकाळची साखर चांगली येते, तरी दुपारी अंगातले त्राण का जाते?’ मी डॉक्टर नाही. संधिवातामुळे सात वर्षे प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी घेणारी, फोंड्यात राहणारी रुग्ण आहे, आणि उपचारांत जे समजले तेवढेच सांगते.

मूळ गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. स्टिरॉइड सांध्यांची सूज उतरवते, पण यकृतातून साखर जास्त सुटू लागते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, म्हणजे पोटाला आणि झोपेला त्रास कमी होतो.

आता मुख्य मुद्दा. सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा साखरेवरचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो आणि रात्री तो ओसरतो. म्हणजे रिकाम्या पोटी तपासणीसाठी रक्त देताना आपण नेमकी ती वेळ निवडतो, जेव्हा गोळीचा परिणाम सर्वांत कमी असतो.

माझे पहिले वर्ष असेच गेले. दर महिन्याला उपाशीपोटी तपासणी होई, आकडा 98, 104, 101 असा येई आणि मी निश्चिंत राही. दुपारी मात्र तहान भागत नसे, लघवीला सारखे जावे लागे आणि चारच्या सुमारास चहाचे भांडे उचलणेही जड होई. मे महिन्याचा उकाडा आहे, असे मी स्वतःला समजावत राहिले. शेवटी शेजारणीच्या ग्लुकोमीटरवर चार वाजता बोट टोचले, तेव्हा आकडा 291 होता. उपाशीपोटीच्या त्या सगळ्या अहवालांवर ‘सामान्य’ असेच लिहिलेले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

एका ताईंनी लिहिले की त्यांची एचबीएवनसी चाचणी चांगली आली, म्हणून काळजी नाही. ताई, ती चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तुमची गोळी सुरू होऊन तीनच आठवडे झाले आहेत, तेव्हा या आठवड्यातली वाढ तिच्यात पुरती दिसणारच नाही. कृपया दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर मोजा, आणि वहीत आकड्याशेजारी गोळीची वेळ व डोस लिहा.

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. पेडण्याच्या एका दर्शकाच्या वडिलांनी संध्याकाळचा मोठा आकडा पाहून रात्रीचे इन्सुलिन स्वतःच वाढवले आणि पहाटे ते घामाने डबडबून उठले. स्टिरॉइडचा जोर तेव्हा ओसरलेला असतो, इन्सुलिन मात्र काम करीतच असते. साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करावा.

जेवणाविषयी एवढेच सांगते की उकड्या तांदळाचा भातही भातच आहे. हुमण म्हणजे माशांची आमटी आणि भात, यांची आपली मुख्य वेळ दुपारची, आणि गोळीचा जोरही तेव्हाच. मी भात निम्मा केला, मासे आणि भाजी वाढवली, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटे चालते. पावसात घराच्या सोप्यावर फेऱ्या मारते. चवथीच्या दिवशी एक नेवरी, म्हणजे करंजी, खाते, पण त्या दुपारी भात घेत नाही.

सगळा थकवा साखरेचा नसतो. मूळ आजार थकवतो, अपुरी झोप थकवते. पाटावरून उठताना किंवा जिना चढताना मांड्यांत बळ राहत नसेल, तर स्टिरॉइडने स्नायू कमजोर केले असण्याची शक्यता असते आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

‘हे विष आहे, आजच बंद करा’ असे लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की असे सांगू नका. 1948 साली संधिवाताने जखडलेल्या एका महिला रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले गेले, काही दिवसांतच तिला चालता येऊ लागले, आणि 1950 साली त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ गोळी घेतल्यावर शरीरात नैसर्गिक स्टिरॉइड बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथींचे काम मंदावते. अशा वेळी गोळी अचानक थांबवली तर चक्कर, उलट्या आणि रक्तदाब घसरणे इथपर्यंत मजल जाते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पायरीपायरीने उतरवायचा असतो.

आणि डोस उतरताना साखरेचे औषधही बहुधा उतरवावे लागते, हे फार थोडे जण लक्षात ठेवतात. माझा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणताना सकाळचे इन्सुलिन तेवढेच राहिले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला हात थरथरू लागले आणि मीटरवर 62 दिसले. साखरेचे पाणी प्यायल्यावर मी वहीच उघडून डॉक्टरांना फोनवर आकडे वाचून दाखवले, आणि दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिन कमी झाले.