कोनी आयलंडचा सायक्लोन हिवाळ्यात काय करतो

हा न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचा समुद्रकिनारा, कोनी आयलंड. जानेवारीतली सकाळ आहे, आणि फळ्यांच्या या लांबलचक बोर्डवॉकवर सीगल सोडले तर कोणी नाही. जुलैमध्ये इथे पाय ठेवायला जागा नसते. तो उंच लाल सांगाडा दिसतोय ना, तो पॅराशूट जंप, एक जुनी राइड, 250 फूट, 1939 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरसाठी बांधला होता आणि 1941 मध्ये इकडे आणून उभा केला, आता तो चालत नाही, फक्त रात्री दिवे लागतात. आणि हा वंडर व्हील नावाचा मोठा पाळणा, 1920 चा, 150 फूट. उन्हाळ्यात याला 24 डबे असतात, त्यातले 16 आतल्या रुळांवरून पुढेमागे घसरतात आणि लोक किंचाळतात. आत्ता एकही डबा नाही, सगळे उतरवून आत ठेवलेत, रंगाला आणि दुरुस्तीला. चाकाच्या आरपार समुद्र दिसतोय.

पण आपण आलोय सायक्लोनसाठी, म्हणजे इथल्या जुन्या रोलर कोस्टरसाठी. सर्फ अव्हेन्यू आणि वेस्ट टेन्थ स्ट्रीटचा हा कोपरा. गेटला कुलूप आहे, तिकिटाची खिडकी बंद आहे, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला वाटतं की मार्चपर्यंत इथे काही होत नाही. आता हा आवाज ऐका.

(इथे निवेदन नाही. हातोडा, करवत, वारा.)

सायक्लोन सुरू झाला 26 जून 1927 ला. खालचा सांगाडा लोखंडी आहे पण गाडी धावते तो ट्रॅक लाकडाचा, आणि त्याच्यामुळेच हे सगळं काम निघतं. लाकडी ट्रॅक म्हणजे एकच जाड तुळई नव्हे, फळीवर फळी, फळीवर फळी असे बरेच थर, खिळे आणि बोल्ट मारून एकत्र केलेले, आणि सगळ्यात वर लोखंडाची चपटी पट्टी, चाक त्या पट्टीवरून पळतं. हे बघा, वळणावर काय करतायत, एक पातळ फळी घेतली, क्लॅम्प लावून दोघांनी मिळून वाकवली, ठोकली, मग तिच्यावर दुसरी, आधीच्या फळीचा जोड जिथे आलाय तिथे हिचा जोड येऊ द्यायचा नाही. दोन रुळांमधलं अंतर सारखं तपासत राहायचं, कारण इकडे थोडा जरी फरक पडला तरी गाडीला दणका बसतो आणि तो दणका पुढच्या वळणापर्यंत जातो.

गाडीत 24 माणसं, वेग ताशी 60 मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 97 किलोमीटर. हा मार दिवसभर, अख्खा सीझन. वर समुद्राची खारी हवा, पाऊस, मग थंडीत लाकडात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं, परत वितळतं, खिळे हळूहळू वर यायला लागतात. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तसं हे दरवर्षीचं आहे, टाळलं तर भोगायला लागणारच. सगळा ट्रॅक 2,640 फुटांचा, तो एका हिवाळ्यात बदलता येत नाही, म्हणून दरवेळी काही तुकडे ठरवतात, ते कापून काढतात आणि नवीन बांधतात. हा पुढे चालणारा माणूस पाय ठेवता ठेवता फळ्या ठोकून बघतोय, आवाज पोकळ आला की खडूची खूण. मला हे बघून फार बरं वाटलं, आणि खरं सांगतो, ट्रॅक स्टीलचा करून मोकळं व्हा असं जे म्हणतात त्यांनी एकदा इथे येऊन अर्धा तास उभं राहावं.

आतमध्ये गाड्या सुट्या करून ठेवल्यात. तीन प्रकारची चाकं असतात, वरून धावणारी, बाजूने धरून ठेवणारी आणि ट्रॅकच्या खालून अडकलेली, जिच्यामुळे गाडी उंचवट्यावर उडून जात नाही. धुरे म्हणजे ॲक्सल सगळे बाहेर, डोळ्यांना न दिसणारी चीरसुद्धा शोधायची असते. आणि हे लांब दांडे म्हणजे ब्रेक, सायक्लोनला अजून माणूस हाताने ब्रेक ओढतो!

या जागेचा इतिहासही मोठा आहे. 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसनने आपली स्विचबॅक रेल्वे, म्हणजे रोलर कोस्टरचं सुरुवातीचं रूप, इथेच सुरू केली होती, ताशी 6 मैल आणि तिकीट 5 सेंट. सायक्लोन 1969 मध्ये शहराने विकत घेतला आणि काही वर्षांत तो पाडायची वेळ आली, शेजारच्या मत्स्यालयाला जागा वाढवायची होती. लोक आडवे पडले, मोहीम केली, आणि 1975 च्या जुलैमध्ये दुरुस्त होऊन तो परत सुरू झाला. 1988 मध्ये शहराने त्याला लँडमार्क म्हणजे जपायची वास्तू ठरवलं, 1991 मध्ये तो ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेला. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाने सगळा परिसर पाण्याखाली घातला, तरी पुढच्या मार्चमध्ये इथल्या राइड्स चालू झाल्या, मधल्या हिवाळ्यात काय राबले असतील विचार करा.

सगळंच छान आहे असं नाही. सीझनवर काम करणारी मुलं या महिन्यांत इथे नसतात, त्यांना पगारही नसतो. आणि एवढी देखभाल करूनही 2024 च्या ऑगस्टमध्ये लिफ्टच्या, म्हणजे गाडी चढावर ओढून नेणाऱ्या, चेनच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) चीर गेली, गाडी चढावर थांबली, माणसं पायी उतरवावी लागली, राइड काही दिवस बंद होती.

आता ही लिफ्टची चेन. वंगण लावलेलं दिसतंय. ट्रॅक झाला की आधी रिकामी गाडी सोडतात, नंतर वजन भरून, परत परत, आणि शहराच्या बिल्डिंग खात्याचे इन्स्पेक्टर येऊन बघून जातात. परंपरेने सीझन उघडतो पाम संडेला, म्हणजे इस्टरच्या आधीच्या रविवारी, त्यामुळे इस्टर लवकर आला तर सुतारांची झोप उडते. त्या दिवशी एग क्रीमची (दूध, सोडा आणि चॉकलेट सिरपचं इथलं पेय) बाटली गाडीवर फोडतात आणि पहिल्या शंभर जणांना फुकट फेरी, हाही जुना रिवाज.

एफ किंवा क्यू ट्रेनने वेस्ट एट्थ स्ट्रीटला उतरा, प्लॅटफॉर्मवरूनच दिसतो. आणि बसायला मिळालं तर शेवटच्या डब्यात बसा, पहिला उतार 85 फुटांचा आहे, कोन जवळपास 59 अंश, आणि पुढचे डबे मागच्याला ओढून नेतात तेव्हा लाकूड खालून कसं वागतं ते तिथेच नीट कळतं.