होलीरूडचा जिना

एडिनबराच्या होलीरूड राजवाड्यातली ही खोली. टेबलाभोवती पाच-सहा माणसं दाटीवाटीनं बसतील, एवढीच. ९ मार्च १५६६, शनिवारची रात्र. स्कॉटलंडची राणी मेरी इथं जेवायला बसली होती. वय २३, सहा महिन्यांची गरोदर. तिच्या शयनगृहात एक अरुंद जिना उघडतो. खालून, थेट तिच्या नवऱ्याच्या दालनातून तो वर येतो. त्या रात्री या जिन्यानं आधी नवरा आला आणि तिच्याशेजारी बसला. मागोमाग आला चिलखत चढवलेला लॉर्ड रूथव्हेन, आजारी, अंथरुणातून उठून आलेला.

राणीच्या सचिवाला, डेव्हिड रिझिओला, बाहेर पाठवा, असं त्यानं फर्मावलं. गायक म्हणून दरबारात आलेला हा इटालियन माणूस राणीच्या मागे दडला, तिचा झगा त्यानं घट्ट धरला. मारेकऱ्यांनी त्याला फरफटत बाहेर नेलं. अंगावर पन्नासहून जास्त वार झाले. प्रेतात खंजीर तसाच ठेवला होता, राणीच्या नवऱ्याचा, हेन्री डार्नलीचा.

संशयी नवऱ्यानं केलेला खून, असं सहसा सांगितलं जातं. संशय होता, आणि त्याचे कान भरणारेही होते. पण आमच्या मते खरं मूळ एका कागदात आहे.

जुलै १५६५ मध्ये मेरीनं स्वतःच्या पसंतीनं डार्नलीशी लग्न केलं. उंच, देखणा तरुण. दोघांची आजी एकच, त्यामुळे इंग्लंडच्या गादीवर दोघांचाही दावा. काही महिन्यांतच त्याचं दारूडेपण आणि हेकटपणा उघडा पडला. मेरी निपुत्रिक वारली तरी राज्य आपल्याकडे राहावं, असा हक्क त्याला हवा होता. तिनं तो दिला नाही. दुसरीकडे, या लग्नाविरुद्ध बंड करून इंग्लंडला पळालेल्या उमरावांच्या जहागिरी त्याच मार्चमध्ये संसदेत जप्त व्हायच्या होत्या. दोघांची गरज जुळली. त्याला राज्य, त्यांना माफी. मधे रिझिओचा जीव. सगळं लेखी, सह्यांनिशी.

मेरीनं दोन दिवसांत नवऱ्याला फितवलं. ११ मार्चच्या मध्यरात्री नोकरांच्या खोल्यांमधून बाहेर पडून दोघं घोड्यावरून डनबारच्या किल्ल्याकडे निघाले. पुढे डार्नलीनं हात झटकले: कटाशी आपला संबंधच नाही! खवळलेल्या साथीदारांनी त्याच्या सहीचा कागद राणीपर्यंत पोचवला.

जूनमध्ये मुलगा झाला, जेम्स. संसार मात्र संपला होता. २४ डिसेंबरला मेरीनं रिझिओच्या बहुतेक मारेकऱ्यांना माफी दिली. डार्नलीनं दगा दिलेली ही माणसं आता परतणार होती. सात आठवड्यांच्या आत, १० फेब्रुवारी १५६७ च्या पहाटे, एडिनबरातल्या कर्क ओ'फील्ड इथलं डार्नलीचं मुक्कामाचं घर सुरुंगाच्या दारूनं उडालं. प्रेत सापडलं बाहेरच्या बागेत, अंगावर भाजल्याची खूणही नाही.

आळ बॉथवेलच्या अर्लवर (अर्ल म्हणजे बडा उमराव) आला. एप्रिलमध्ये तो निर्दोष सुटला, मे महिन्यात मेरीनं त्याच्याशीच लग्न केलं, आणि जुलैत तिला गादी सोडावी लागली.

रिझिओच्या खुनातला एक म्होरक्या, मॉर्टनचा अर्ल, पुढे राज्याचा कारभारी झाला. १५८१ मध्ये डार्नलीच्या खुनासाठी त्याचं मुंडकं उडवलं गेलं. कट आधीपासून ठाऊक होता, हे त्यानं मरण्यापूर्वी कबूल केलं. मग डार्नलीला सावध का केलं नाही? मॉर्टनचं म्हणणं, डार्नलीच्या पोटात काही राहत नसे. ऐकलेलं सगळं तो राणीला सांगून मोकळा झाला असता.