रात्रीची पाळी

[दृश्य: काळोख. बॅटरीचा झोत उसाच्या सरीतून पुढे सरकतो. लांबून मोटर सुरू झाल्याचा आवाज.]

रात्रीचे साडेबारा. पंप चालवणारी थ्री फेज वीज आत्ता आली. आता पहाटेपर्यंत दारं धरायची, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवायचं. पायात गमबूट, खांद्यावर फावडं आणि सगळं लक्ष पायाखाली. कारण उसात साप निघतो आणि जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याही.

शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. दिवसाच्या पाळीबद्दल कुणाची तक्रार नसते. पण ही रात्रीची पाळी मुळात आली कुठून? आपल्या देशात वीज कशापासून आणि कशी तयार होते, ते पाहिलं की याचं उत्तर मिळतं. त्यासाठी आधी चंद्रपूरला जाऊ.

[दृश्य: चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र. कोळशाची मालगाडी वॅगन रिकाम्या करते आहे.]

राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीचं हे केंद्र 2,920 मेगावॅटचं. 500 मेगावॅटचे पाच संच आणि 210 मेगावॅटचे दोन. एक युनिट वीज काढायला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो. एका मालगाडीत सुमारे 4 हजार टन कोळसा येतो. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर ती अख्खी गाडी जेमतेम अर्धा दिवस पुरते. आपल्या कोळशात राखही भरपूर: शंभर टन जाळले की तीस-चाळीस टन राख उरते, आणि ती कुठे टाकायची हा दुसरा उद्योग होऊन बसतो.

पण आपल्या गोष्टीतला मुद्दा वेगळा आहे. हा बॉयलर बटण दाबून बंद करता येत नाही. एकदा थंड पडला की तो पेटवायला तेल जाळावं लागतं आणि पूर्ण भारावर यायला कित्येक तास जातात. म्हणून संच सहसा बंद करत नाहीत, भार कमी करतात. तोही क्षमतेच्या साधारण 55 टक्क्यांपर्यंत. त्याखाली गेलं की ज्वाला अस्थिर होते, यंत्रावर ताण येतो.

आता रात्रीचा विचार करा. कार्यालयं बंद, दुकानं बंद, गावं झोपलेली. मागणी खाली, पण बॉयलर चालूच. ही वीज साठवायची फारशी सोय नव्हती. मग ती घ्यायला सांगायचं कुणाला? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला. शेतीपंपांच्या फीडरवर, म्हणजे त्यांच्याकडे जाणाऱ्या वाहिनीवर, थ्री फेज केव्हा सोडायची हे उपकेंद्रात ठरतं, तेव्हा लाखो पंप रात्रीकडे सरकवले की मागणीचा आलेख सपाट होतो. अभियंत्यांच्या भाषेत याला भार व्यवस्थापन म्हणतात. शेतकरी याला काय म्हणतो, ते इथे ऐकवता येणार नाही.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. खोपोलीचे जलवाहिनी पाइप, कोयनेचं धरण, तारापूरचं अणुवीज केंद्र.]

सुरुवातीला कोळशाचं एवढं राज्य नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांना 1915 मध्ये टाटांची वीज मिळाली, ती खोपोलीच्या पाण्यातून. स्वातंत्र्यानंतर 1948 चा वीजपुरवठा कायदा आला, राज्यांची वीज मंडळं उभी राहिली. कोयनेतून साठच्या दशकात वीज वाहू लागली. 1969 मध्ये तारापूरला देशातली पहिली अणुवीज सुरू झाली.

पण पाणी पावसावर, आणि अणुभट्टी बांधायला अर्धी पिढी लागते. जैतापूरच्या 9,900 मेगावॅटच्या अणुवीज प्रकल्पाची चर्चा आपण पंधरा वर्षांहून जास्त काळ ऐकतो आहोत. कोळसा मात्र देशात पुरून उरेल एवढा. 1975 मध्ये एनटीपीसी ही केंद्र सरकारची वीजनिर्मिती कंपनी स्थापन झाली, कोळशाच्या खाणींजवळ मोठमोठी औष्णिक केंद्रं उभी राहिली आणि पुढची चाळीस वर्षं धोरणाचा अर्थ एकच होता: मेगावॅट वाढवा. त्या घाईत दाभोळचा एन्रॉनचा वीजप्रकल्प झाला. 2001 मध्ये तो प्रकल्प बंद पडला आणि 2005 मध्ये आपल्या वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. भारनियमन मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं.

कोळशाचा हा भरवसाही वाटतो तितका पक्का नाही. त्याला पाणी लागतं. 2015 मध्ये मराठवाड्यातल्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. 2022 च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या.

[दृश्य: नियंत्रण कक्ष. भिंतभर पडद्यावर 49.98, 50.01 असे आकडे बदलत आहेत.]

हा आकडा वारंवारतेचा, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांचा. 50 हर्ट्झ. देशातली मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळली की तो जागेवर राहतो. मागणी वाढली की खाली, निर्मिती वाढली की वर. 30 आणि 31 जुलै 2012 ला हा तोल गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांची जाळी, कोसळले आणि अर्ध्या देशाची वीज गेली. महाराष्ट्र पश्चिम ग्रिडमध्ये, म्हणून वाचला. पुढच्या वर्षी, 31 डिसेंबर 2013 ला, रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रिडही जोडला गेला आणि सगळा देश एकाच वारंवारतेवर आला.

हा तोल सांभाळण्यात कोण किती कामाचा, ते 5 एप्रिल 2020 ला दिसलं. कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. मागणी काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅटने उतरली. त्यातला निम्म्याहून जास्त उतार एकट्या जलविद्युतने झेलला. पाण्याचा झडप-दरवाजा मिनिटांत बंद होतो, बॉयलर होत नाही. म्हणूनच कोयनेचं पाणी अभियंते जपून वापरतात. पश्चिमेकडे वळवायची मर्यादा कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) अशी आखून दिली आहे. ती चुकीच्या तासाला संपवून चालत नाही.

[दृश्य: माळरानावर सौर पॅनेलच्या रांगा. शेजारी 33/11 केव्हीचं उपकेंद्र.]

आता या गोष्टीत सूर्य येतो. 2010 च्या राष्ट्रीय सौर मोहिमेत पहिल्या लिलावांतला दर युनिटला सरासरी बारा रुपयांच्या आसपास होता. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडल्याला 2 रुपये 44 पैशांची बोली लागली. आधी 2022 पर्यंत 20 हजार मेगावॅट सौर एवढंच ठरलं होतं, 2015 मध्ये त्याचे एक लाख केले. ते मुदतीत झाले नाहीत, पण जानेवारी 2025 मध्ये झाले. ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये भारताने सांगितलं की 2030 पर्यंत जीवाश्म इंधनाविना 5 लाख मेगावॅट क्षमता उभारू. 2025 च्या जुलैमध्ये सरकारने जाहीर केलं की देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा आता बिगर-जीवाश्म आहे.

निम्मा वाटा. टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण हा वाटा क्षमतेतला आहे. 2024-25 मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेतली शंभरातली सत्तरच्या वर युनिट कोळशाचीच होती. सौर पॅनेल रात्री शून्य, ढगाळ दिवशी अर्धं. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात फिरतात, मार्चमध्ये आळसावतात. क्षमतेचा आकडा भाषणात शोभतो. वीज खात्यात काम करणारा माणूस विचारतो: किती वाजता?

आणि याच प्रश्नाने रात्रीच्या पाळीचं गणित उलटं केलं.

स्वस्त आणि जास्तीची वीज पूर्वी मध्यरात्री असायची, ती आता दुपारी असते. मग पंपांनीही दुपारीच चालावं. 2017 मध्ये आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकं हेच करते. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरवर सौर प्रकल्प उभारायचा आणि ती वीज थेट शेतीच्या फीडरवर सोडायची. 2023 पासून दुसरा टप्पा सुरू झाला. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. लक्ष्य 16 हजार मेगावॅटचं. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 3 मेगावॅटचा प्रकल्प 2024 मध्ये चालू झाला आणि तिथल्या शेतीला दिवसा वीज मिळू लागली.

दिवसा वीज द्या ही मागणी आंदोलनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. ती पूर्ण होते आहे ती सौर वीज स्वस्त झाली म्हणून. शेतकऱ्याचं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं, फक्त हिशेबात बसत नव्हतं.

[दृश्य: घाटघर. सह्याद्रीच्या कड्यावरचा जलाशय, खाली कोकणाकडे उतरणारी दरी.]

तोच उलटफेर घाटघरला. हा 250 मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प 2008 पासून चालतो. वरचा तलाव कड्यावर, खालचा शहापूर तालुक्यात चोंढ्याला. रात्रीच्या जादा विजेने पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं, ही मूळ कल्पना. ढोबळमानाने चार युनिट खर्च केली की तीन परत मिळतात. आता पाणी चढवायची योग्य वेळ भर दुपारची झाली आहे.

कारण खरी ओढाताण संध्याकाळी होते. दुपारी देशात सौर वीज साठ हजार मेगावॅटच्या पुढे जाते. तेव्हा कोळशाचे संच 55 टक्क्यांवर दबून बसलेले असतात, आणि राजस्थानात तर वाहून न्यायला वाहिन्या तयार नाहीत म्हणून 2025 मध्ये काही प्रकल्पांना चांगली वीज सोडून द्यावी लागली. मग सूर्य मावळतो. दोन-तीन तासांत ते सगळे मेगावॅट नाहीसे होतात आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांतले पंखे, एसी, दिवे सुरू होतात.

ही दरी भरायची तर बॅटरी हवी किंवा घाटघरसारखे प्रकल्प. सह्याद्रीत असे कितीतरी प्रकल्प प्रस्तावित आहेत. पण जिथे उंच कडा आणि पाणी आहे, तिथेच जंगलही आहे. त्याचा हिशेब करारावर सह्या होताना फारसा मांडला जात नाही.

तिसरा मार्ग सरकारने 2023 च्या नियमांत लिहून ठेवला: मागणीच हलवा. उन्हाच्या तासांत वीज 10 ते 20 टक्के स्वस्त, गर्दीच्या तासांत तितकीच महाग. उद्योगांना आणि दुकानांना हे आधी लागू झालं, घरांना 1 एप्रिल 2025 पासून, जिथे स्मार्ट मीटर आहे तिथे. शेती यातून वगळली आहे. महाराष्ट्रात या मीटरवरून मोठा वाद झाला, आता ते टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दराचे) मीटर या नावाने बसतात.

[दृश्य: चाळीतला जिना. मीटरच्या पेटीत लुकलुकणारा लाल ठिपका.]

शेतकऱ्याला रात्री पाणी धरायला लावलं, तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता शहराला दरातून विचारलं जातं आहे. ज्याच्या घरी दिवसा कुणी असतं, तो दुपारी कपडे धुवून सवलत घेईल. पण नवरा-बायको दोघंही कामाला जातात आणि सातला घरी परततात, अशा घराचं बिल संध्याकाळीच वाढणार. ही सवलत त्यांच्यापर्यंत पोहोचवायची कशी, याचं उत्तर त्या नियमांत नाही.