ऐन, अर्जुन की किंजळ? अनोळखी झाड ओळखताना

श्रोतेहो, नमस्कार.

घाटातल्या वाटेवर, किंवा अगदी शहरातल्या रस्त्याच्या कडेलाही, एखादे झाड असे भेटते की त्याचे नाव बरोबरच्या कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी बहुतेक मंडळी एक पान तोडून घरी आणतात आणि एखाद्या जाणकारापुढे ठेवून विचारतात, "हे कशाचे पान?" त्या जाणकाराची पंचाईत होते ती इथेच, कारण सुटे पान हा फारच अपुरा पुरावा असतो. पानावरून आपण झाडाच्या कुळापर्यंत, फार तर त्याच्या प्रजातीपर्यंत, म्हणजे कुळातल्या जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोहोचतो. त्या घराण्यातला हा नेमका कोण, हे फूल सांगते आणि पुष्कळदा फूलही न सांगता फळच सांगते.

मुळात आपण ज्याला पान म्हणतो ते पान आहे की पानाचा तुकडा, हे आधी पाहावे लागते. गुढीला आपण कडुनिंबाची डहाळी बांधतो. तिच्यावरचे करवतीसारख्या कडेचे एकेक चिमुकले पाते हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पान नसून पर्णिका असते, आणि अशा अनेक पर्णिका मिळून एक संयुक्त पान होते. ओळखण्याची रीत सोपी आहे. पान जिथे फांदीला जोडलेले असते तिथे, देठाच्या बेचक्यात, सहसा एक बारीक कळी असते. पर्णिकेच्या बेचक्यात ती नसते. आंब्याचे पान साधे, कडुनिंबाचे संयुक्त, एवढे ठरले तरी शोधाचे क्षेत्र पुष्कळ आवळले जाते.

पळस आणि वायवर्ण या दोन्ही झाडांना तीन-तीन पर्णिका असतात. पण पळसाची मधली पर्णिका स्वतःच्या लांब दांडीवर उरलेल्या दोघींपासून दूर उभी असते, तर वायवर्णाच्या तिन्ही पर्णिका एकाच बिंदूतून फुटतात. पांगाराही तीन पर्णिकांचाच आणि त्यांची मांडणी पळसासारखी; मात्र त्याच्या फांद्यांवरचे काटे त्याची जात लगेच उघड करतात.

यानंतर पाने फांदीवर कशी बसली आहेत ते पाहावे: एकाआड एक, समोरासमोर, की सातविणीसारखी एकाच पेरावर मंडल करून. रस्त्याकडेच्या गुलमोहराची आणि जॅकरांडाची बारीक पिसांसारखी पाने दुरून सारखीच वाटतात. फांदी जवळ ओढून पाहिली तर गुलमोहराची पाने एकाआड एक आणि जॅकरांडाची समोरासमोर दिसतात. मग खाली पडलेली फळे पाहिली की शंका उरतच नाही, कारण एकाची लांब, तलवारीसारखी शेंग असते, तर दुसऱ्याचे चपटे, गोलसर, लाकडी बोंड असते.

देठ तोडल्यावर पांढरा चीक येतो का, हीही मोठी खूण आहे. चीक आला आणि शेंड्याकडच्या पेरांवर फांदीभोवती बांगडीसारखा बारीक वण दिसला, तर झाड बहुधा वड, पिंपळ, उंबर यांच्या गोतातले समजावे. मात्र जंगलात चीक आणि फळे हाताळताना जपावे लागते. नारिंगी, मांसल देठावर बसलेले काळे बी दिसले तर तो बिब्बा असतो आणि त्याच्या तेलाने कातडीवर फोड उठतात.

आकाराच्या बाबतीत पान फसवे असते. फणसाच्या कोवळ्या रोपाची पाने खाचदार असतात, वाढलेल्या झाडाची अखंड. ओसाड माळांवर आणि हमरस्त्यांच्या कडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपाला आधी खऱ्या बाभळीसारखी बारीक पर्णिकांची पाने येतात. पुढे ती नाहीशी होतात आणि चपटे झालेले देठच पानांचे काम करू लागतात. ऊन, पाणी आणि वय यांप्रमाणे पान रूप बदलते, फुलाची घडण त्या मानाने स्थिर राहते. म्हणूनच स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली वनस्पतींची मांडणी केली ती पुंकेसर मोजून. ती वर्गवारी आज मागे पडली असली, तरी भिंग घेऊन पुंकेसर मोजण्याची सवय आजही उपयोगी पडते. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यातही पान, फूल आणि फळ या तिन्हींचे वर्णन एकत्र वाचल्याखेरीज निर्णय होत नाही.

हे सर्व एकाच घराण्यात पाहायचे असेल तर सह्याद्रीतील ऐन, अर्जुन, किंजळ, हिरडा आणि बेहडा यांच्याकडे जावे. ही पाचही झाडे एकाच प्रजातीतली मानली जातात. यांतील बहुतेकांच्या पानाच्या देठावर किंवा पात्याच्या तळाशी मोहरीएवढ्या ग्रंथी असतात. त्या सापडल्या की घराणे कळते. बेहड्याची पाने फांदीच्या टोकाशी गोळा झालेली असतात, म्हणून तो लवकर वेगळा काढता येतो. परंतु इतरांच्या बाबतीत केवळ पानावर विसंबणे धोक्याचे आहे. फुलेही फारशी मदत करत नाहीत, कारण ती सर्वांचीच बारीक, बिनपाकळ्यांची आणि सहसा दहा पुंकेसरांची असतात. ऐन आणि अर्जुन पावसाच्या तोंडावर फुलतात, तर किंजळ पावसाळा सरता सरता, हा काळाचा फरक मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

खरा निवाडा फळ करते. हिरडा आणि बेहडा यांच्या फळांना पंख नसतात. ऐन आणि अर्जुन यांच्या फळांना प्रत्येकी पाच पंख असतात, आणि इथेच बारकाईने पाहणाऱ्याची कसोटी लागते: ऐनाच्या पंखावरच्या रेषा आडव्या, थेट कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या रेषा वरच्या बाजूला वळलेल्या असतात. किंजळीच्या फळाला एक पंख मोठा आणि दोन लहान असतात; ही तांबूस फळे इतकी दाट लागतात की कोकणात अख्खे झाड दुरून गंजलेल्या रंगाचे दिसते. फळे नसतील तेव्हा सालीकडे वळावे. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते, अर्जुनाची गुळगुळीत, फिकट करडी आणि ढलप्यांनी सुटणारी. शिवाय अर्जुन ओढ्याकाठी, नदीकाठी अधिक भेटतो.

दसऱ्याला आपट्याऐवजी कांचनाची पाने सर्रास विकली जातात, तीही अशा बारकाव्यांकडे होणाऱ्या दुर्लक्षामुळे. दोन्ही पाने मधोमध दुभंगलेली असतात हे खरे, पण आपट्याचे पान लहान आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. त्याची फुले फिकट, नाजूक तुऱ्यात येतात. कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी असतात. आपट्याच्या शेंगा न फुटता कित्येक महिने झाडावर लोंबत राहतात, कांचनाच्या शेंगा वाळल्या की तडकून पीळदार होतात.

हल्ली मोबाइलवर छायाचित्र दाखवून नाव विचारता येते. फूल स्पष्ट दिसत असेल तर उत्तर बऱ्यापैकी जुळते, नुसत्या पानाच्या चित्रावर मात्र भरवसा ठेवू नये, असे माझे मत आहे. त्यापेक्षा जाणकाराला नमुना दाखवायचा असेल तर पानांसकट, फुलांसकट एक डहाळी घ्यावी, वर्तमानपत्रात दाबून वाळवावी आणि फळ वेगळ्या पाकिटात ठेवावे. सोबत तारीख, ठिकाण, झाडाची अंदाजे उंची आणि सालीचे वर्णन लिहावे, आणि फुलाचा रंग व वास तिथेच टिपून ठेवावा, कारण वाळल्यावर दोन्ही उरत नाहीत. झाडाला त्या वेळी फूल नसेल, तर जागेची खूण ठेवून त्याच्या बहराच्या दिवसांत पुन्हा जावे. नमस्कार.